मुळांवरच्या गाठी

दादांना झटका आला त्याला चौदा महिने होऊन गेले होते. उजवं अंग गेलं, वाचा गेली आणि तोंडात एकच शब्द उरला, "नाही." पाणी हवं का विचारलं तरी नाही, नको का विचारलं तरी नाही. ग्लास पुढे केला की मात्र घटाघटा प्यायचे. त्यामुळे घरात त्यांच्या नाहीला कुणी नकार समजत नसे.

"जन्मभर सगळ्यांना नाहीच म्हणत आला," आक्का म्हणायची. "देवानं तेवढंच शिल्लक ठेवलं."

आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायची. जिभेला हाड नव्हतं, पण ती म्हणत होती ते खोटंही नव्हतं. घरामागे दादांची गुलाबाची रोपवाटिका होती. साधी कलमं ते येईल त्याला विकत. कुंपणाजवळच्या वाफ्यातला एक गुलाब मात्र त्यांनी अकरा वर्षं खपून तयार केला होता. गडद लाल, पाकळीच्या कडेला जवळजवळ काळा, आणि वास असा की फाटकातून आत आलेला माणूस बोलता बोलता थांबायचा. त्या वाफ्यात त्याची साठेक रोपं होती, पण त्यातलं एकही त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. व्यापारी आले, हात हलवत परत गेले. सख्ख्या बहिणीने दारापुढे लावायला एक मागितलं, तिलाही नाही.

"मेल्यावर छातीशी धरून नेणार आहे वाटतं," आक्का तेव्हा म्हणाली होती. तो राग तिच्या मनातून कधी गेला नाही.

दादांची बायको, जिला सगळेच वहिनी म्हणत, तिला नवऱ्याच्या या हट्टाचं कोडं कधी सुटलं नव्हतं. विचारलं तर ते म्हणत, "अजून वेळ आली नाही." आणि मग झटका आला.

त्या वर्षी पानगळीच्या सुमाराला परदेशातल्या एका मोठ्या गुलाबबागेचं पत्र आलं. कुणा पाहुण्याने काढलेला त्या फुलाचा फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांना साठ रोपं हवी होती. त्यांचा वेगळा वाफा करू, पाटीवर तयार करणाऱ्याचं नाव लावू, असं लिहिलं होतं.

वहिनीने खुर्चीशेजारी बसून पत्र दोनदा वाचून दाखवलं. दादांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थपाथप मारलं. "नाही. नाही. नाही नाही." डोळे भरून आले.

"बघा, किती आनंद झालाय त्यांना," वहिनी आक्काला म्हणाली. तिलाही रडू आलं. अकरा वर्षांच्या कष्टांचं चीज होणार, तेही माणूस डोळ्यांनी बघतोय तोवर! डॉक्टरांनी फार आशा दिलेली नव्हती. तिने त्याच दिवशी होकार कळवून टाकला.

रोपं परदेशी पाठवायची तर ती निरोगी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, हे तिला तेव्हा कळलं. वनस्पती तपासणीची कचेरी बसने दोन तासांवर होती. खिडकीत बसलेल्या कारकुनाने अर्ज तिच्याकडे सरकवला आणि स्वतःच वाचायला लागला.

"वनस्पतीचं नाव?"

"गुलाब."

"कोणता?"

"आमचा."

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, जात लिहायची. नाव काय ठेवलंय?"

"ठेवलंच नाही अजून. हे ठेवणार होते." मग तिला वाफ्यातली पत्र्याची पट्टी आठवली. "त्यावर सतरा नंबर आहे."

"मग सतरा लिहा. रकाना रिकामा ठेवता येत नाही." त्याने पाठ केल्यासारखं पुढे सांगितलं. फी आधी भरायची. रोपं नापास झाली तरी ती परत मिळत नाही. नमुना प्रयोगशाळेत गेला तर त्याची फी वेगळी. प्रमाणपत्र हातात पडल्यापासून चौदा दिवसांत माल निघाला पाहिजे. मुळं स्वच्छ धुतलेली हवीत, मातीचा कणही चालणार नाही.

"झाडाला माती नको?"

"झाडाला हवी हो. त्यांच्या देशाला आपली माती नको."

वहिनीने फी भरली, पावती पदराला बांधावी तशी जपून पिशवीत ठेवली.

थंडीत झाडं झोपली, पानं गळाली, तेव्हा दोघी नणंदा-भावजया रोपं उपटायला लागल्या. एकेक रोप टबात बुडवायचं, मऊ ब्रशने मुळं घासायची, पुन्हा स्वच्छ पाण्यात खळबळायची. पाणी इतकं गार की बोटं बधिर व्हायची. आक्काची तोंडाची टकळी सुरूच. "आपल्या माणसांना एक रोप दिलं नाही, आणि परक्यांसाठी आंघोळी घालतोय."

दहाव्या की अकराव्या रोपाला वहिनीच्या बोटाला काहीतरी खडबडीत लागलं. तिने मुळं उजेडात धरली. बारीक मुळांवर गाठी होत्या. काही मोहरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या, ओवलेल्या मण्यांसारख्या. गुलाबवाल्याच्या घरात तीस वर्षं काढलेल्या बाईला ते काय असू शकतं हे माहीत नव्हतं असं नाही. मातीतले डोळ्यांना न दिसणारे किडे मुळात शिरले की अशा गाठी येतात. सूत्रकृमी म्हणतात त्यांना. पण कधी कधी जखम भरतानाही मूळ फुगतं, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि कात्री उचलली.

"कापतेस कशाला गं?" आक्काने विचारलं.

"खोक्यात मावायला नकोत का?"

साठांपैकी सात रोपांची मुळं तिने अशी कापली. तुकडे वेचून फडक्यात बांधले आणि जाळून टाकले. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आक्काने विचारलं, तेव्हा पाठ दुखतेय म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळीच तपासनीस बाई आल्या. चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या, गळ्यात दोरीला भिंग. त्यांनी टेबल अंगणात, उजेडात मांडायला सांगितलं. दादांची खुर्ची खिडकीशी होती, तिथून त्यांना सगळं दिसत होतं. एकेक रोप घ्यायचं, फांद्या फिरवून बघायच्या, त्यांवरचे फुटव्याचे डोळे बघायचे, मग भिंगाखाली मुळं. वहिनी हात पदरात गुंडाळून उभी. प्रत्येक रोप बाजूला ठेवलं गेलं की ती मनात आकडा मोजायची. साठही झाली.

"मुळं छान धुतलीत," तपासनीस बाई म्हणाल्या. "आता वाफा दाखवा, मग कागद करून टाकते."

वाफा म्हणजे आता नुसती उकरलेली माती होती. चारी बाजूंना वाळलेल्या झेंडूची दाट रांग उभी होती. कुंपणाला एक फावडं टेकवलेलं, दांड्याला लाल रंगाचा पट्टा मारलेला.

तपासनीस बाई थबकल्या. "हा झेंडू कोणी लावला?"

"ह्यांनी. दर वर्षी लावायचे."

"बाकीच्या वाफ्यांना का नाही?"

"काय माहीत. हौस होती त्यांना."

"आणि हे फावडं वेगळं का?"

"ते ह्याच वाफ्याचं. दुसरीकडे वापरलं की फार चिडायचे. इथून बाहेर पडताना चपलासुद्धा धु..." वहिनीचं वाक्य अर्ध्यावरच तुटलं.

तपासनीस बाई हळू आवाजात म्हणाल्या, "झेंडूच्या मुळांना सूत्रकृमी घाबरतात. ज्याला मातीत काय आहे ते माहीत असतं, तो माणूस असं करतो."

फाटकातून परत गेलेले व्यापारी वहिनीला डोळ्यांपुढे दिसले. तोंड फिरवून बसलेली आक्का दिसली. अजून वेळ आली नाही म्हणणारे दादा दिसले. ते वर्षानुवर्षं ही माती बरी करत होते आणि ती बरी होईपर्यंत दुसऱ्याच्या अंगणात आपला रोग जाऊ देणार नव्हते. आणि पत्र वाचलं तेव्हा खुर्चीवर हात आपटून ते जे म्हणत होते, ते नाहीच होतं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी खरंखुरं नाही म्हटलं होतं, आणि ती त्यावर हसत रडली होती.

तपासनीस बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "मी विचारते, खरं सांगा. मुळं धुताना गाठी दिसल्या होत्या?"

नाही म्हणणं सोपं होतं. कागद आता होणारच होता, तुकड्यांची राख झाली होती.

"दिसल्या," वहिनी म्हणाली. "मी कापल्या. सात रोपांच्या."

"कुठली सात?"

तिने स्वतःच्या हाताने ती वेगळी काढून दिली.

बाई रागावल्या नाहीत. मुळांचे आणि मातीचे नमुने पिशव्यांत भरले, उरलेला सगळा माल मोहोरबंद केला. फाटकाशी गेल्यावर म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर मी सही केली असती. नुसत्या झेंडूवरून मला माल अडवता आला नसता."

नऊ दिवसांनी अहवाल आला. सूत्रकृमीच होते, आणि परक्या देशाने मुद्दाम बंदीच्या यादीत घातलेल्या जातीचे. प्रमाणपत्र नाकारलं. साठही रोपं जाळायची, आणि त्या वाफ्यात तीन वर्षं काही लावायचं नाही.

आक्काने आकाशपाताळ एक केलं. "हातातोंडाशी आलेला घास घालवलास! कुणी विचारलं होतं तुला? ती बाई चालली होती सही करून!"

"त्यांनाच पाठवायची नव्हती, आक्का."

"त्याला काय कळतंय आता?"

"तेव्हा कळत होतं. तुम्हाला रोप दिलं नाही, त्याचं कारण हेच. तुमच्या दारची माती बिघडली असती."

आक्का उठली. आत जाऊन भावाच्या पायाशी बसली ती दिवस कलेपर्यंत उठली नाही. त्यांचे वाळके पाय चेपत राहिली.

रोपं जाळली त्या दिवशी वहिनीने दादांची खुर्ची मुद्दाम खिडकीतून हलवली नाही. आधी जवळ बसून सगळं सांगितलं. गाठी, कात्री, आपण काय केलं ते, शेवटी काय बोललो ते. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही." दादा तिच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग होता, की सुटका, की नुसता थकवा, तिला वाचता आलं नाही. मग त्यांनी मान वळवली आणि धुराकडे पाहत राहिले. सहा आठवड्यांनी ते गेले, झोपेतच.

जाळण्याआधी तपासनीस बाईंनी एक वाट सांगितली होती. किडे मुळात असतात, फांदीत नाही. फांद्यांवरचे डोळे काढून निरोगी खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळासकट बुंध्यावर, नव्या मातीत भरले तर जात वाचेल. वहिनीने वीस डोळे भरले. दादांचा हात असता तर अठरा तरी लागले असते. तिचे चार लागले, आणि उन्हाळ्यात त्यातला एक वाळला.

गुलाबबागेला तिने खरं काय ते कळवलं. दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. तो वाफा त्यांनी दुसऱ्या फुलाला दिला होता.

दुसऱ्या वर्षी तीन झाडं फुलली, तेव्हा तपासनीस बाई सुट्टीच्या दिवशी सहज म्हणून आल्या. भिंग आणलं होतंच. बराच वेळ वाकून बघून म्हणाल्या, "स्वच्छ आहेत. पुढच्या थंडीत अर्ज करू शकता."

"कुणासाठी करू?" वहिनी म्हणाली.

बाईंनी भिंग पुसून ठेवलं. आक्काने चहा आणला. तो तिघींनी झाडांपाशीच घेतला. निघताना वहिनीने विचारलं, "एक रोप करून देऊ तुम्हाला?"

"मला घेता येत नाही. नियम आहे."

"मग फूल?"

"फुलाचं काही लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. वहिनीने एक तोडून दिलं. त्या फूल हातात धरून बसथांब्याकडे चालत गेल्या, आणि वहिनी फाटक लावून आत आली.