न्हाणीघराच्या दाराचे तीन अंदाज

अंदाज पहिला, सकाळचा

दार खाली घासतं. रंधा मारणे, बिजागऱ्या बदलणे. अर्धा दिवस. बाराशे.

लिहिणारी सुतारीण. गुडघे गेल्यावर वडिलांनी पटाशा तिच्या हवाली केल्या आणि सोबत नियमही दिला: तोंडातून गेलेला आकडा परत घ्यायचा नाही. या नियमावर त्यांचं नाव होतं. आई म्हणायची, नावावर चूल पेटत नाही.

अंदाज पहिला, खोडलेला

दार उतरवलं. स्क्रू नुसत्या बोटांनी बाहेर आले. चौकटीला पटाशी टेकवली तर लोण्यात गेल्यासारखी आत. वाळवी. डावा खांब खालून पोकळ, गिलावा फोडल्यावर कळलं, वरूनही.

(इथे कागदावर एक रेघ आहे. ती मारायला तिला वीस मिनिटं लागली.)

त्या वीस मिनिटांत: गुपचूप नवी चौकट बसवली तर आठवड्याची कमाई पाण्यात. गेल्या महिन्यातही अशीच गेली. आणखी एकदा असं झालं की पटाशा विकायच्या आणि दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जायचं. जास्त मागितले तर वडिलांचं नाव मातीत.

रेघ मारली.

अंदाज दुसरा, तोंडी

घरमालक काकांना मागच्या वर्षी नळवाल्याने टोपी घातली होती. सकाळपासून त्यांनी ते दोनदा ऐकवलं होतं. तिने पटाशी त्यांच्याच हातात दिली, टोचून बघा म्हणाली. मग सांगितलं. खालचा भाग मी आधी ठोकून बघायला हवा होता, त्याची मजुरी घेत नाही. गिलाव्यामागचं कुणालाच दिसलं नसतं, ते तुमच्याकडे. लाकूड पावतीच्या भावाने. नको असेल तर बाराशेतच दार लावून देते, पण टिकणार नाही, आणि तेही लिहून देते.

"तुझ्या बापाने कधी आकडा बदलला नाही," काका म्हणाले. "ही चौकट त्यानेच बसवलीय. त्यालाच विचारतो."

तिच्यादेखत फोन लावला, आवाज मोठा करून, आणि सगळं सांगितलं. पलीकडे आधी नुसता खोकला.

"आकडा नाही बदलला, खरंय," वडील म्हणाले. "तेव्हाही भिंतीत ओल निघाली होती. खर्च वाढला. मग मी लाकूड बदललं. ठरलं होतं सागवान, लावलं हलकं."

काकांनी हातातली पटाशी पुन्हा खांबात खुपसली. ती कुठेच बघेना.

"म्हणजे मी गावभर तुझं नाव सांगत फिरलो," काका म्हणाले, "आणि इथे वाळवीची पंगत बसली होती."

लाकडातला फरक मी देतो, वडील म्हणाले. पोरीने सांगितलेले पैसे मात्र कापू नका.

अंदाज तिसरा, काकांच्या अक्षरात

चौकट सागवानी. लाकडातला फरक बापाकडून. खालच्या भागाची मजुरी नाही, हे खोडून निम्मी. का, तर दार अडकतं म्हणून काका स्वतःच वर्षभर त्याला खालून लाथ घालत होते, त्याने चौकटीला खाली फट पडली होती. वाळवीचं नाही, पण फटीचं पाप त्यांचं.

तळाशी: आणखी काही निघालं तर आधी दाखवायचं, मग बोलायचं.

दोघांच्या सह्या.

दुसऱ्या दिवशी वडील काठी टेकत आले. लाकडाचा वास घेतला, रेषा बोटाने चाचपल्या, भाव विचारला. तिने सांगितला. एरवी ते म्हणाले असते, जरा हलकं चाललं असतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि रंधा मागितला.