बाळ रडत नाही

"किती शांत आहे गं तुझं बाळ," म्हणत घरमालकीण योगिनीकाकूंनी सुयशला कडेवर घेतलं.

चैताली नुसती हसली. दीड वर्षाचं पोर इतकं शांत का, हे सांगायला ती आली नव्हती. वस्तीतली घरं पाडल्यापासून ती, नवरा धम्मपाल आणि सुयश अशी तिघं दिराच्या घरी एका खोलीत राहत होती. दिराची रात्रपाळी, दिवसभर ते झोपलेले. सुयशनं तोंड उघडलं की ती त्याच्या ओठांवर बोट ठेवायची. हल्ली तो रडण्याआधी आईच्या बोटाकडे बघायचा.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या या दोन खोल्या तिला उंबऱ्यातच आवडल्या होत्या. खिडकीला गज होते, मोरीला दार होतं. झोका कुठे टांगायचा हेही तिनं ठरवून टाकलं. काकूंनी चहा दिला, किल्ली ओट्यावर ठेवली आणि मिस्टर काय करतात ते विचारलं. एकलहऱ्याला वीज केंद्रात, कंत्राटी, तिनं सांगितलं.

करार होईपर्यंत भाडं कोण भरणार ते बोलू नकोस, असं धम्मपालनं निघताना बजावलं होतं. पण 'कंत्राटी' ऐकून काकू जरा थबकल्या, आणि चैतालीला वाटलं, हुकमाचं पान तर आपल्याच हातात आहे. आम्हाला नवी घरं मिळेपर्यंत भाडं सरकार भरणार, थेट तुमच्या खात्यात, चुकायची भीतीच नाही, असं ती उत्साहानं बोलून गेली.

काकूंनी सुयशला खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही त्या पाडलेल्या वस्तीतल्या."

"हो."

मग काकूच बोलत राहिल्या. सरकारी पैशाचा काय भरवसा, आणि असे लोक हक्कानं बसतात, उठायचं नाव घेत नाहीत. स्वतः रोख देणार असाल तर बघू. चैतालीनं परोपरीनं सांगितलं, रोख झेपत नाही म्हणूनच तर ही सोय, आणि घरमालकानं करारावर सही केल्याशिवाय ते भाडं सुरूच होत नाही.

"पण काकू, एवढ्यावरून नाही म्हणता येतं का कुणाला?"

"माझं घर आहे, बाई. मला कोण विचारणार?" काकूंनी किल्ली कमरेला खोचली. "बाळाबद्दल काही नाही हं. गुणी आहे."

मागे दार लागलं. जिन्याच्या वळणावर चैताली सुयशला घेऊन पायरीवर बसली आणि तिला हुंदका फुटला.

सुयशनं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग आपलं चिमुकलं बोट तिच्या ओठांवर ठेवलं.