चौथा दशरथ

भूपेशने आजोबांना हाताला धरून दुकानात आणलं आणि शिरीनला म्हणाला, कालपासून जेवले नाहीत, तुझ्याशीच बोलायचं म्हणतात.

शहाद्याच्या या दुकानात शिरीन स्कॅन केलेल्या पानांना नावं जोडायची. रनाळ्याच्या पाटलांच्या वंशावळीची, भाटांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली वही कालच जोडून संपली होती. नाव पानाच्या फोटोवर दिसत नाही, ते फोटोच्या आत जाऊन बसतं. मग पाटलांच्या सुरतेला राहणाऱ्या एखाद्या पुतण्याने नुसतं नाव टाईप केलं की नेमकं पान उघडतं. काम बिनडोक्याचं आहे, असं मालक म्हणायचा आणि पगारही तसाच द्यायचा.

वहीत एकाच बापाखाली दशरथ हे नाव चार पानांवर निघालं होतं. एका बापाची एकाच नावाची चार पोरं कशी असतील? भाटाने तेच तेच उतरवलं असणार, असं समजून तिने चारही पानं एकाच माणसाच्या नावावर टाकली.

आजोबा, म्हणजे याच पाटलांच्या घरातले उखाआबा, खुर्चीवर टेकले आणि हळूहळू सांगू लागले. त्यांच्या आधी तीन भाऊ झाले. घराण्यातलं नाव चालावं म्हणून तिघांचंही नाव दशरथच ठेवलं आणि तिघेही पाळण्यातच गेले. चौथे हे. आईने यांना उकिरड्यावर टाकलं, शेजारणीने उचलून परत दिलं, म्हणून नाव पडलं उखा. टाकलेलं पोर यमालाही नको असतं, असा त्यामागचा हिशेब. दशरथ हे नाव बारशाला एकदा कानात सांगितलं, त्यानंतर कोणी उच्चारलं नाही. ते माहीत असलेलं दुसरं माणूस आता जिवंत नव्हतं. भूपेशही आज पहिल्यांदाच ऐकत होता. वहीत मात्र भाटाने ते लिहून ठेवलं होतं, आणि ती वही काल इथे कॉम्प्युटरवर चढली हे आबांना ठाऊक होतं.

"कालदिनपासून वाडामा माले कोनी दशरथ म्हनीसन हाक मारी ऱ्हायनं," आबा म्हणाले. "धाकला पोरना आवाज शे. काढी टाक ते नाव, बेटी."

शिरीनचा भुतांवर विश्वास नव्हता. जिनांवर होता, पण ते दुकानात येत नाहीत अशी तिची समजूत होती. तिने चौथ्या, आबांच्या पानावरचं दशरथ खोडून उखा घातलं आणि दशरथ शोधून दाखवलं. आता तीनच पानं आली. आबांचा जीव भांड्यात पडला, त्यांनी पाणी मागून घेतलं.

मग म्हणाले, ती तीन पानं दाखव. प्रत्येकावर नाव आणि खाली 'बाळपणी वारला', एवढंच होतं. आबा एकेका पानाकडे बघत राहिले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"यासले आते कोन शे?" ते म्हणाले. "धाकला मी, पन मोठा व्हयनू तो मीच. मन्हं नाव परत त्यासना जोडे लिख."

भूपेश नको नको म्हणत होता. शिरीनने घाबरून कीबोर्ड बाजूला सरकवला. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे तिने नाव टाईप केलं. चार पानं ओळीने उघडली.

आबा धोतर सावरत उठले. बाहेर कोणीच नव्हतं. तरी दाराकडे तोंड करून त्यांनी आलो म्हणून ओ दिली, "हाव, उनू रे भाऊ."