विहिरीवरचं लुगडं

आमच्या खराडीच्या ऑफिसने फॅमिली डे यंदा लोणी काळभोरजवळच्या एका जुन्या इनामदारी बागेत ठेवला होता. आमराई, दगडी बंगला, आता त्याचं रिसॉर्ट झालेलं. जेवणाआधी भुताची फेरी. ती दाखवणारा दत्तोबा चांगलाच रंगात आला होता.

"ही मैनाबाईची हीर," तो म्हणाला. "हितला तबेला झाडायची. एका सकाळी काठावर तिचं लुगडं घावलं. बाई न्हाई, कडेवरचं पोरगं न्हाई. अजून पोर मागत फिरती हाय. लेकुरवाळीनं दूध वाहिल्याबिगर जायचं न्हाई."

"मेल्यावरही सुट्टी नाही," माझ्याशेजारची नीरजा म्हणाली. "आपलीच कंपनी दिसतेय."

सगळे हसले. दत्तोबाने दुधाचा पेला माझ्यापुढे धरला, कारण घोळक्यातलं सगळ्यांत लहान लेकरू माझ्याच कडेवर होतं.

माझा हात पुढे होईना. कॅन्टीनमध्ये कुणी गावाची, आडनावाची चौकशी केली की मी हळूच विषय बदलायचे. आता बोलले तर सगळं उघड होणार होतं. गप्प बसले तर माझ्याच आजीला भूत म्हणून दूध वाहावं लागणार होतं.

लेकीने माझ्या गळ्यातली साखळी ओढली. तिचे ते मऊ, चिकट हात.

"दत्तोबा, ते लुगडं घडी घातलेलं होतं ना?"

"व्हय. झ्याक घडी. तुमाला कसं ठाव?"

"धुऊन, घडी घालून परत केलं होतं तिने, बंगल्याची पायरी चढायची मुभा नव्हती म्हणून इथेच ठेवून. इनामदारीणबाईंचं उतरलेलं लुगडं होतं ते. छप्पन साली दीक्षा घेऊन आली आणि म्हणाली, आता कुणाचं उतरलेलं नेसणार नाही, मेलेलं जनावर ओढणार नाही. स्वतःच्या कमाईची पांढरी साडी नेसली, माझ्या बाबांना कडेवर घेतलं आणि चालत पुणं गाठलं. सांगताना पोट धरून हसायची."

"आवं, पर चांगलं लुगडं कोन सोडून जाईल? म्हनून तर समद्यांनी हिरीत गळ टाकलं!"

"तेच तर. ती बुडाली असेल हे पटलं. परत करून गेली असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

नीरजाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दत्तोबा पेल्याकडे बघत राहिला. "मग ह्ये दूध?"

"इकडे द्या. ही मैनाचीच पणती. हिचंही नाव मैना."

मी पेला लेकीच्या ओठांना लावला. तिने दोन्ही हातांनी धरला, गटागटा प्यायली आणि पांढऱ्या मिश्यांनी दत्तोबाकडे बघून हसली.

जेवताना विहिरीकडून पुढच्या घोळक्यासाठी त्याचा आवाज आला, पहिल्यापेक्षाही चढा:

"हितं एक मैनाबाई व्हती. तिनं इनामदारीणबाईचं लुगडं परत केलं. तिची पणती आत्ताच दूध पिऊन गेली!"