कमानीवरची काच

कमानीच्या भेगेवर मी दोन काचपट्ट्या बसवल्या होत्या. एक खाली, हाताला येईल अशी. दुसरी वर, शिडीशिवाय कुणी पोचणार नाही तिथे. भेग सरकली की काच तडकते. भिंतीची नाडी बघायची ती रीत. नगरपालिकेत जुन्या वास्तूंची देखभाल माझ्याकडे, म्हणून सकाळी पूजा आटोपली की आधी कमान, मग कचेरी.

त्या दिवशी खालची काच फुटलेली दिसली. कमानीखालीच आमच्या ह्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान.

मुख्याधिकारी साहेब माझ्याआधीच हजर. मागे बुलडोझर. रस्ता रुंद करायची त्यांना केव्हाची घाई.

"काच फुटली म्हणजे धोका, हे तुमचंच म्हणणं ना, बाई? मग द्या लिहून."

मी वाकून पाहिलं. काचेच्या मधोमध खळगा, भोवती चांदणीसारखे तडे. "ही भिंतीनं फोडलेली नाही, साहेब. कुणीतरी दगड मारलाय."

"कुणी? भुतानं? की नवऱ्याचं दुकान वाचवताय?"

बुलडोझरवाला फिदीफिदी हसला. मी शिडी मागितली.

मी चढले. वरची काच लांबून शाबूत दिसली. हुश्श म्हणून मी तिच्यावरून बोट फिरवलं. नखाला काहीतरी अडलं. केसाएवढी रेघ, अगदी भेगेच्या वाटेनं गेलेली. ही मात्र भिंतीनंच तडकवली होती.

खालून ह्यांच्या कानशीचा आवाज येत होता. कर्र, कर्र. किल्ली घासत बसले होते.

रेघ माझ्याशिवाय कुणाला दिसली नव्हती. 'शाबूत आहे' म्हटलं असतं तर बुलडोझर परत गेला असता, आणि हे रोज त्या भेगेखाली बसले असते. खरं सांगावं तर, देव क्षमा करो, माकडाच्या हाती कोलीत.

मी उतरले. "वरचीही तडकली आहे. ती आपोआप."

साहेबांचा चेहरा खुलला. "आता कसं शहाण्यासारखं बोललात! करा सही."

"करते. धोका आहे, असंच लिहिते. पण ही संरक्षित वास्तू आहे, पाडली तर गुन्हा, हेही लिहिते. ती सांभाळायची जबाबदारी कायद्यानं नगरपालिकेवर आहे. रस्ता आत्ता बंद करायचा, आजच टेकू द्यायचे. नाही दिले आणि कुणी दगावलं, तर जबाब तुम्ही द्यायचा आणि मी."

माझा आवाज इतका खाली गेला होता की साहेबांना वाकावं लागलं. "कुणी?"

"तुम्ही आणि मी."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून कमानीकडे नीट पाहिलं. मग दोन पावलं मागे सरले आणि गोदामाला फोन लावला.

मी दुकानाच्या दाराशी गेले. "अहो, बाहेर या. हळू."

"अगं, गिऱ्हाईक येईल आता. एवढी किल्ली होऊ दे."

"शटर ओढू नका. हादरा नको बसायला."

माझं तोंड पाहून त्यांनी कानस होती तिथेच ठेवली आणि चवड्यांवर बाहेर आले. "स्वतःच्याच दुकानातून चोरासारखा निघतोय बघ," म्हणाले खरे, पण हसू काही आलं नाही त्यांना. माझा हात धरला तो सोडेचनात.

लाकडं आली. गवंडी आणि मजूर खांब घेऊन कमानीच्या तोंडाशी थांबले. आत पाऊल टाकायला कुणी तयार नाही.

"लिहायचं तुम्ही आणि मरायचं आम्ही होय, बाई?" गवंडी म्हणाला.

त्याचं काय चुकलं? मी ह्यांच्या हातातून हात सोडवून आत गेले. मजुरांनी खांब आत सरकवला. मी तो दोन्ही हातांनी कवटाळून धरला. मागोमाग गवंडी आला, वर पाचर लावली, हातोडा उचलला.

माझ्या मानेवर चुन्याची बारीक धार सांडली.

"थांबू?" तो पुटपुटला.

बाहेरून ह्यांनी मला हाक मारली, पण मी मान वळवली नाही.

"मारा," मी म्हटलं.