चौकट भरीव आहे

"आई, माझी खोली आहे ना अजून?" लेकीनं फोनवर एवढंच विचारलं.

सासरहून का येतेय, किती दिवसांसाठी येतेय, ती बोलली नाही. आईनंही विचारलं नाही. मागच्या खेपेला लेकीच्या मनगटावर उमटलेली काळीनिळी बोटं तिनं पाहिली होती, आणि "दारात सापडला हात" हे उत्तरही मुकाट ऐकून घेतलं होतं.

"आहे गं. तुझी खोली जातेय कुठे?" ती म्हणाली आणि फोन ठेवून देवापुढे उभी राहिली. काय मागावं ते नीट सुचेना. "येऊ दे बाबा तिला," एवढंच म्हणाली. "आणि आली की परत जायची वेळ आणू नकोस."

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंचं पुस्तकांचं कपाट उभ्याउभ्या खाली बसलं. वाळवी. बाहेरून चकाचक आणि आत नुसती माती. काकू कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही आधीच औषध सोडून घ्या हो. आमच्याकडून हाकलली की ती तुमच्याकडेच येणार. सख्खे शेजारी ना आपण!"

आई हसली खरी, पण वाळवीवाल्याला निरोप मात्र धाडला.

घर तिच्या नवऱ्यानं बांधलेलं. सगळी गल्ली त्यांना ठकठक मेस्त्री म्हणायची, कारण कुठलंही लाकूड समोर आलं की आधी बोटाचं पेर आपटून बघायची त्यांची रीत. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी खुर्चीला ठोकून मगच बसायचे. "लाकूड कानानं नाही, हाडानं ऐकायचं असतं," असं ते भेटेल त्याला सांगत. या घराच्या चौकटी, माळे, छताच्या तुळया, सगळं त्यांनी स्वतः निवडून, रंधून बसवलं होतं. रंधा मारताना देवाचं गाणं गुणगुणायची सवय, त्यामुळे बायको म्हणायची, "आमच्या चौकटी भजन ऐकून सरळ झाल्यात." काम सुटल्यापासून ते दरवर्षी त्याच चौकटींना पॉलिश करत. दुसरं काही हातात उरलं नव्हतं.

अलीकडे हाक मारली तर ओ यायला वेळ लागे. "नेमकं माझंच ऐकू येत नाही यांना," ती म्हणायची. "इतक्या वर्षांचा सराव आहे!" आणि दोघंही हसत.

वाळवीवाला आला, तरतरीत आणि बोलका. गुडघ्यांवर बसून त्यानं भिंतींच्या पायथ्याशी बॅटरी फिरवली. "फरशीला कडेकडेनं भोकं पाडायची, औषध सोडायचं, सिमेंटनं बुजवायची. चौकटींनाही बारीक भोकं पडतील."

"काय म्हणतोय?" मेस्त्रींनी विचारलं.

"चौकटींना भोकं पाडायची म्हणतोय!" बायको त्यांच्या कानाशी ओरडली.

"माझ्या चौकटींना? आधी माझ्या डोक्याला पाड म्हणावं."

"काका, लागलीय असं मी म्हणतच नाहीये," वाळवीवाल्यानं आवाज चढवला. "लागू नये म्हणून करायचं. लागल्यावर बोलावलंत तरी मी येईन, पण मग सांत्वनाला आल्यासारखा."

"लागलीय की नाही ते आधी मला विचार!" म्हणत मेस्त्री उठले.

पुढच्या दारापासून सुरुवात झाली. ठक, ठक. ठोकायचं, बायकोकडे बघायचं, तिनं मान हलवली की म्हणायचं, "भरीव!" स्वयंपाकघराची चौकट, भरीव. माळ्याची फळी, भरीव. किती दिवसांनी त्यांची पाठ अशी ताठ झाली होती! ती कौतुकानं मागून चालत होती.

लेकीच्या खोलीशी आले तेव्हा वाळवीवाला फोन घ्यायला अंगणात गेला होता. मेस्त्रींनी ठोकलं. चपलांच्या रिकाम्या खोक्यावर टिचकी मारावी तसा आवाज. तिनं पुन्हा कान दिला. पुन्हा तोच.

मेस्त्री तिच्याकडे बघत होते. तिला वाटलं, ते विचारताहेत, बघितलंस माझं काम? जन्मभर लाकूड ऐकलेला माणूस समोर उभा, आणि आपण काय सांगणार त्याला? आवाज खोलीतल्या रिकाम्या कपाटाचा असेल. खोली बंद असते, त्याचा असेल.

तिनं मान हलवली.

"भरीव!" मेस्त्री म्हणाले.

वाळवीवाला परत आला. "मग काय ठरवताय?"

"घर तिचंही आहे. ती सांगेल ते," मेस्त्री बायकोकडे बोट करून म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली. "यांनी ठोकून बघितलंय."

लेक आली ती दोन बॅगा घेऊन. ओठ सुजलेला. सरळ आपल्या खोलीत गेली आणि रडायला म्हणून दार जोरात लोटलं.

दार मिटलंच नाही. वरची बिजागरी चौकटीचा एक लगदा घेऊन निघून आली आणि दार तिरकं होऊन लोंबलं. आई धावली. पॉलिशच्या पापुद्र्याआड लाकूड नव्हतंच. माती होती, आणि त्या मातीत पांढरे किडे उजेडापासून पळत होते. तिनं चौकटीवर अंगठा टेकवला. तो आत गेला.

वाळवीवाला पुन्हा आला. या वेळी एकही विनोद केला नाही. शिडीवर चढला आणि बराच वेळ उतरलाच नाही. "काका-काकू, तुळयांपर्यंत पोचलीय," तो खाली येऊन म्हणाला. "या छताखाली कुणी झोपू नका. खरं सांगू, पुढच्या खोलीचीही खात्री मी देत नाही. तुम्ही दोघांनीही कुठेतरी सोय बघा."

लेक भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या हातातला फोन वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला. शेवटी तिनं उचलला. "हो," ती म्हणाली. "येते."

"जाऊ नकोस गं," आईनं तिचा हात धरला. "आपण शेजारच्या काकूंकडे राहू, कुठेही राहू."

"तुम्हालाच कुठे जायचं ते कळत नाहीये, त्यात मी कशाला?" लेकीनं हात हळूच सोडवून घेतला. बॅगा उघडल्याही नव्हत्या.

ती गेल्यावर मेस्त्री त्या मोडक्या दाराशी खाली बसले. बायको शेजारी बसली. तिला ओरडायचं नव्हतं, पण त्यांच्याशी ओरडल्याशिवाय बोलताच येत नसे. "अहो! तुम्हाला कसं कळलं नाही? तुमच्या हाडाला?"

मेस्त्रींनी आपल्या बोटाच्या पेराकडे बघितलं. "हाडालाही काही ऐकू येत नाही आता. केव्हाचंच. मी ठोकायचो आणि तुझ्या तोंडाकडे बघायचो. तू मान हलवलीस की म्हणायचो."

तिनं त्यांच्या भरवशावर मान हलवली होती, आणि ते तिच्या मानेच्या भरवशावर भरीव म्हणत होते. एकमेकांवर इतका विश्वास की दोघांतल्या कुणीच घराचं ऐकलं नाही. देवा, तू तरी ऐकत होतास ना? मग कुणाच्या मानेकडे बघत बसला होतास?

मेस्त्री भिंतीला धरून उठले. पुढच्या दाराशी गेले. "ही चौकट तरी भरीव असेल," म्हणाले, आणि ठोकलं. वळून तिच्याकडे बघितलं.

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

ते थोडा वेळ थांबले. मग पुढच्या चौकटीशी गेले, ठोकलं, थांबले. मग माळ्याच्या फळीशी. घरभर त्यांची ठकठक फिरत राहिली. ती पाठमोरी उभी राहून ऐकत होती. कुठे भरीव होतं आणि कुठे पोकळ, एकेक ठोका तिला स्वच्छ कळत होता. भरीव फार थोडं होतं.