राणीचे शब्द

जमीलने कानांवरचे यंत्र काढून टेबलावर आपटले.

“नाना, परत आलं. ठक् ठक् ठक्.”

सकाळपासूनचा हा पाचवा प्रयत्न होता. नायिका ‘नाथ’ म्हणायला तोंड उघडी आणि तिच्याआधी तांबट आळीतली हातोडी बोले. बेचाळीस मूकपट काढून नाशकात बंगला बांधलेले नाना गर्गे पहिल्याच बोलपटात मेटाकुटीला आले होते. इतकी वर्षे गाढवे ओरडली, बायका भांडल्या, देवळांच्या घंटा वाजल्या, तरी चित्राचे काही बिघडले नव्हते. आता मात्र एका हातोडीने नाकी नऊ आणले होते. मुंबईहून आणलेले ध्वनियंत्र उद्या परत जायचे होते. आज हा प्रसंग झाला नाही, तर बोलपट अर्धाच राहणार होता.

“मीच जातो. बघतो त्याच्याकडे,” म्हणत नाना टोपी न घालताच निघाले.

झिपरू तांबट घंगाळाला ठोके देत बसला होता. नानांनी दारातूनच तोंडाचा पट्टा सोडला. म्हाताऱ्याने मानसुद्धा वर केली नाही. शेवटी नानांनी पुढे होऊन त्याचा हात धरला, तेव्हा तो दचकला आणि मग तोंडभर हसला.

“नानासाहेब! ठोकून ठोकून कान गेले माझे, पंचवीस वर्षं झाली. ओठ बघून कळतं मला. जरा सावकाश बोला.”

नानांचा राग जागीच अडला. त्याच्यासमोर खाली बसून, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, “तासभर काम थांबवा.”

“तुमच्यासाठी दिवसभर थांबवतो.” झिपरूने हातोडी खाली ठेवली. “तुमचं एक चित्र चुकवलं नाही मी. बाकीच्यांना पडद्यावरच्या पाट्या वाचाव्या लागायच्या, मला नाही. तुमचा तो राक्षस मरताना म्हणतो, ‘उचला लवकर, मुंगळा चावतोय.’”

नाना हसले, सकाळपासून पहिल्यांदाच. मग हसता हसता थांबले.

“पहिल्या चित्रातली राणी काय म्हणते?”

ती राणी म्हणजे त्यांची बायको, मालिनी. तेव्हा पडद्यावर यायला दुसरी कोणी बाई तयार नव्हती. ती थेट कॅमेऱ्याकडे बघून ओठ हलवी आणि सगळे थेटर रडे. त्या एका प्रसंगाने नानांचे नाव झाले. पाटी त्यांनीच लिहिली होती, ‘नाथ, लवकर परत या.’ कॅमेऱ्याचे हँडल फिरवत, फेरे मोजत असताना तिचे शब्द काही त्यांच्या कानात शिरले नव्हते. नंतर विचारायला सवड झाली नाही. महिन्याभरात ती तापाने गेली.

झिपरूने चिंधीला हात पुसले. पुसतच राहिला.

“जाऊ द्या, नानासाहेब.”

“सांगा.”

“म्हणतात, ‘अहो, अंगात ताप आहे माझ्या. आता घरी जाऊ या ना.’”

तेवढ्यात जमील धापा टाकत दारात आला.

“नाना, आवाज थांबला! चला लवकर, सगळे खोळंबलेत.”

नाना उठले नाहीत. त्यांनी जमिनीवरची हातोडी उचलली, झिपरूच्या हातात दिली आणि त्याला ओठ नीट दिसतील असे तोंड वर केले.

“ठोका,” ते म्हणाले.